शोष, क्षय आणि टीबी: एका रोगाची नावे आणि पोषणविषयक अलीकडचे संशोधन

भिलाईच्या मरोदा वसाहतीतील मराठी कुटुंबांच्या बोलीचे नमुने गोळा करीत असताना एका वृद्ध बाईंनी आपल्या दिराच्या आजाराची हकीकत सांगितली. कुटुंब मूळचे भंडारा जिल्ह्यातले. पोलाद कारखान्याची उभारणी चालू असताना मजुरीच्या शोधात इकडे आलेले. दीर ठेकेदाराकडे ओझी वाहण्याचे काम करी आणि ऐन तिशीत क्षयाने गेला. 'पहिले वाळला, मग खोकलू लागला,' असे त्या म्हणाल्या. 'वाळणे' या क्रियापदाची एक अर्थच्छटा म्हणून मी ते वाक्य टिपून घेतले आणि पुढे गेलो. त्या पाच शब्दांत एक वैद्यकीय विधान दडले आहे, आणि ते पाठ्यपुस्तकांतल्या विधानाच्या नेमके उलट आहे, हे टिपणे पुन्हा वाचताना ध्यानात आले. पाठ्यपुस्तकातला क्रम असा: आधी जंतू, मग खोकला व ताप, आणि त्यांचा परिणाम म्हणून वजन घटणे. बाईंच्या वाक्यात शरीर आधी वाळते आणि रोग मागाहून येतो.

या दोन क्रमांपैकी खरा कोणता, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने सोडवायचा नव्हे. परंतु गेल्या पंधरा वर्षांत त्याचा जो शोध घेतला गेला त्यातला महत्त्वाचा भाग छत्तीसगड आणि झारखंड या दोन शेजारी राज्यांत घडला असून मराठीत त्याविषयी फारच थोडे लिहिले गेले आहे. त्या संशोधनाचा परिचय करून देणे, आणि या रोगाच्या नावांत झालेल्या बदलाशी त्याचे काय नाते आहे ते पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावांविषयी. 'चरकसंहिते'च्या निदानस्थानात शोषाचे निदान सांगणारा स्वतंत्र अध्याय आहे. शोष म्हणजे सुकणे. मरोद्याच्या बाईंचे 'वाळणे' हा त्याचा शब्दशः अनुवाद ठरावा. शोषाची चार कारणे तेथे दिली आहेत: साहस, म्हणजे शक्तीबाहेरचे श्रम, मलमूत्रादी वेगांचे संधारण, धातूंचा क्षय, आणि विषमाशन, म्हणजे अवेळी, कमीअधिक किंवा अयोग्य असा आहार. राजयक्ष्मा हे नाव चंद्राच्या कथेशी जोडले गेले. रोहिणीवर आसक्त झालेल्या सोमराजाला दक्षाचा शाप लागला आणि तो कलेकलेने क्षीण होऊ लागला, ही कथा परिचित आहे. 'क्षय' या शब्दात हीच क्षीणता आहे. ग्रीक परंपरेतून युरोपीय वैद्यकात आलेला 'थायसिस' हा शब्द आणि इंग्रजीतला जुना 'कन्झम्प्शन' हा शब्द, दोन्हींचा अर्थ झिजणे, खाल्ले जाणे असाच होतो. हिंदीत रूढ असलेला 'तपेदिक' हा फारसी शब्द मात्र तापावरून आलेला आहे. निरनिराळ्या भाषांनी या रोगाला नाव देताना खोकल्याकडे वा रक्ताच्या गुळणीकडे न पाहता माणसाच्या वाळत जाणाऱ्या देहाकडे पाहिले.

'ट्युबरक्युलोसिस' हे नाव वेगळ्या जातीचे आहे. शवविच्छेदनात फुप्फुसांत दिसणाऱ्या बारीक गाठींवरून ते पडले. ते देहाच्या आत पाहणाऱ्याने दिलेले नाव आहे. 'टीबी' ही त्याची दोन अक्षरे आज भारतातल्या बहुतेक सर्व भाषांत सर्वतोमुखी झाली आहेत आणि त्यांत झिजण्याचा मागमूसही उरलेला नाही. यावरून प्राचीनांना सारे ठाऊक होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. लक्षणाला नाव देणे वेगळे आणि कारण जाणणे वेगळे. चरकाच्या चार कारणांत जंतू नाही, आणि जंतूशिवाय क्षय होत नाही, हे निर्विवाद आहे.

तो जंतू रॉबर्ट कॉख यांनी दाखवून दिला. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे त्यांनी आपला शोध जाहीर केला. मराठी वाचकाला या तारखेचे मर्म दुसऱ्या एका तारखेच्या संगतीने अधिक कळेल. डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांचे वय तेव्हा बावीसही पुरे नव्हते. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेतलेल्या या स्त्रीच्या रोगाचा जंतू पाच वर्षांपूर्वीच ज्ञात झालेला होता, आणि त्या ज्ञानाचा तिच्या उपचाराला काही उपयोग नव्हता. कारण कळणे आणि उपाय सापडणे यांत साठ वर्षांहून अधिक काळ गेला. स्ट्रेप्टोमायसिन सापडले ते १९४३ मध्ये. मधल्या काळात उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा आणि दूध, अंडी, तूप. पाचगणी, मिरज अशा ठिकाणची आरोग्यधामे याच तत्त्वावर चालत. ज्याला परवडे त्याने तेथे जावे. ज्याला न परवडे त्याने घरीच खंगावे.

ही विषमता मोडून काढण्याचे श्रेय मद्रासला झालेल्या एका चाचणीला द्यावे लागते. १९५६ मध्ये तेथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता, आणि वॉलेस फॉक्स हे त्यातले प्रमुख नाव. गरीब वस्त्यांतल्या रुग्णांचे त्यांनी चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला त्याच गोळ्या देऊन घरी पाठवले. आरोग्यधामातल्या रुग्णांना विश्रांती होती, आहार पुष्कळ बरा होता, आणि त्यांचे वजनही अधिक वाढले. घरच्या रुग्णांच्या वाट्याला दाटीची खोली, काबाडकष्ट आणि अपुरे जेवण आले. वर्षअखेरीस रोग शमण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे निघाले. हे निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आहाराचा स्वतंत्र विचार करणारा निबंध १९६१ मध्ये आला.

या अभ्यासाने गरिबाला आरोग्यधामाच्या दारातून सोडवले, हे त्याचे थोर कार्य होय. पण त्याने उत्तर दिले ते एका मर्यादित प्रश्नाचे: पुरेशी औषधे मिळाल्यास आहार कमी असूनही फुप्फुसांतले जंतू नाहीसे होतात काय? उत्तर आले, होतात. पुढे धोरणांत आणि वर्गांत त्या उत्तराचा विस्तार झाला. 'औषध असेल तर आहाराचे महत्त्व नाही' असे सूत्र बनले, आणि मुळात विचारलाच न गेलेला प्रश्न, आहार अपुरा असल्यामुळे रोग जडतो काय, तोही त्याच उत्तराखाली झाकला गेला. याच काळात 'क्षय' मागे पडून 'टीबी' पुढे आला. एका घटनेने दुसरी घडवली असे मी म्हणत नाही. दोन्हींची दिशा एक होती, एवढेच.

हा न विचारलेला प्रश्न समजण्यासाठी संसर्ग आणि रोग यांतला भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. क्षयाचा जंतू हवेतून श्वासावाटे शरीरात शिरतो. शरीराच्या संरक्षक पेशी त्याला वेढून एका गाठीत कोंडतात, आणि बहुसंख्य माणसांत तो तेथेच जन्मभर कोंडलेला राहतो. संसर्ग झालेल्या शंभर जणांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात केव्हा तरी रोग होतो. शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचे तर बी पुष्कळ ठिकाणी पडते. उगवते ते जमिनीच्या स्थितीनुसार. कोंडलेल्या जंतूवर पहारा ठेवणाऱ्या पेशींची शक्ती उपासमारीने क्षीण होते, हे शरीरशास्त्राला ज्ञात आहे. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा निर्देशांक वैद्यकात बीएमआय या नावाने वापरतात. साडेअठराच्या खाली तो गेला की माणूस कुपोषित समजतात. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचे एक संकलन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. हा निर्देशांक एका अंकाने वाढला की क्षयाचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसून आले. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धातील जर्मन बंदिछावण्यांतून एक विदारक नोंद मिळाली होती. एकाच छावणीत, सारख्याच निवाऱ्यात ब्रिटिश आणि रशियन कैदी होते. ब्रिटिशांना रेडक्रॉसकडून अन्नाची पुडकी येत, रशियनांना येत नसत. आणि रशियनांमध्ये क्षयाचे प्रमाण कित्येक पटींनी अधिक आढळले.

आता छत्तीसगडकडे वळू. बिलासपूरजवळील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था सुमारे पाव शतकापासून रुग्णालय चालवीत आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शिकलेल्या काही डॉक्टरांनी ती उभी केली. तेथे येणाऱ्या क्षयरुग्णांची वजने काळजीपूर्वक नोंदली जात. डॉ. अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २००९ या काळातील १,६९५ प्रौढ रुग्णांच्या नोंदी तपासून त्यांवरचा निबंध २०१३ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. रुग्ण पुरुषांचे मध्यक वजन ४२.१ किलो होते आणि स्त्रियांचे ३४.१ किलो. मध्यक याचा अर्थ निम्म्या स्त्रिया ३४ किलोंहूनही हलक्या होत्या. ३४ किलो हे बारा वर्षांच्या मुलीचे वजन झाले. ८९ टक्के रुग्ण कुपोषित होते. निम्म्याहून अधिक जणांची उंचीही खुंटलेली होती, आणि उंची काही क्षयाने खुंटत नाही. ती बालपणीच्या उपासमारीची साक्ष असते. निदानाच्या वेळी जे अतितीव्र कुपोषित होते त्यांना मृत्यूचा धोका दुप्पट होता. उपचार संपल्यावरही निम्म्या स्त्रिया आणि एकतृतीयांश पुरुष मध्यम ते तीव्र कुपोषितच राहिले. त्यांचा टीबी बरा झाला होता; क्षय मात्र तसाच होता, असे जुन्या शब्दाच्या आधारे म्हणता येते.

उंचीचा हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. वजन घटले ते रोगामुळे, असे म्हणून शंकाखोर वाचक बाजूला होऊ शकतो. खुंटलेल्या उंचीपुढे त्याला थांबावे लागते. तरीही हा निर्णायक पुरावा नव्हता. कुपोषित माणसाला क्षय होतो आणि क्षय झालेला माणूस कुपोषित होतो, अशा या चक्रात रुग्णाला तपासून आरंभबिंदू सापडणे कठीण. त्यासाठी जे अजून आजारी पडलेले नाहीत, पण ज्यांना संसर्गाचा धोका मोठा आहे, अशांना अन्न देऊन पाहणे हाच मार्ग उरतो. अशी माणसे रुग्णाच्या घरातच असतात. आरोग्य खात्याच्या मराठीत त्यांना 'सहवासित' म्हणतात. शासकीय परिभाषेतल्या मोजक्या सुंदर शब्दांपैकी हा एक.

ही चाचणी झारखंडमध्ये झाली. 'रेशन्स' या नावाने ती ओळखली जाते. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव हे तिचे प्रमुख संशोधक. तिचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये 'लॅन्सेट' व 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकांत आले. चार जिल्ह्यांतील २८ क्षयरोग पथकांच्या क्षेत्रांतून ऑगस्ट २०१९ ते जानेवारी २०२१ या काळात २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरचे १०,३४५ सहवासित यांची नोंद झाली. यांतील जवळजवळ दोनतृतीयांश सहवासित संथाळ, हो, मुंडा, उरांव, भूमिज अशा आदिवासी समाजांतले होते. सर्व रुग्णांना औषधांबरोबर दरमहा दहा किलोंची शिधा मिळे: पाच किलो तांदूळ, तीन किलो सत्तू, दीड किलो दूधभुकटी, अर्धा लिटर तेल, आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. भेद होता तो सहवासितांत. चिठ्ठीने निवडलेल्या निम्म्या क्षेत्रांत घरातल्या प्रत्येक माणसाला दरमहा पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ, शिवाय जीवनसत्त्वे दिली गेली. लहान मुलांना त्याच्या निम्मे. उरलेल्या क्षेत्रांत सहवासितांना असे काही मिळाले नाही.

पुढे सुमारे दोन वर्षे या घरांवर लक्ष ठेवण्यात आले. शिधा न मिळालेल्या ४,७२४ जणांपैकी १२२ जणांना क्षय झाला. शिधा मिळालेल्या ५,६२१ जणांपैकी ९६ जणांना. इतर भेद हिशेबात घेऊन काढलेली घट ३९ टक्के, आणि थुंकीच्या तपासणीत जंतू आढळणाऱ्या, म्हणजे इतरांना संसर्ग देऊ शकणाऱ्या फुप्फुसांच्या क्षयात ४८ टक्के. संशोधकांचा हिशेब असा की तीस घरांना, म्हणजे १११ माणसांना, शिधा दिला की एक माणूस क्षयापासून वाचतो. तांदूळ आणि तूरडाळ. भारतातल्या कोणत्याही किराणा दुकानात मिळणाऱ्या या दोन वस्तू एखाद्या लसीच्या बरोबरीने मोजल्या जातील, असे २०१० साली कोणी म्हटले असते तर ते भाबडेपणाचे ठरले असते.

रुग्णांविषयीचे निष्कर्षही लक्षणीय आहेत. आरंभी ८२ टक्के रुग्ण कुपोषित होते आणि जवळजवळ निम्मे अतितीव्र कुपोषित. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. उपचाराच्या आरंभी जेमतेम ३ टक्के रुग्ण पूर्ववत काम करण्याच्या स्थितीत होते, अखेरीस सुमारे ७५ टक्के. येथे मात्र वाचकाने सावध असावे. शिधा सर्वच रुग्णांना दिली गेल्यामुळे तुलनेला दुसरा गट नाही. वजन वाढले म्हणून माणूस वाचला, की वाचणार होता म्हणून त्याचे वजन वाढले, हा संशय येथे पुरता फिटत नाही. सहवासितांबाबतचा निष्कर्ष भक्कम, रुग्णांबाबतचा सूचक, अशी दोहोंची पायरी वेगळी ठेवली पाहिजे. वृत्तपत्रांनी ती ठेवली नाही.

दुसरी मर्यादा भिलाईसारख्या गावात चटकन जाणवते. मधुमेहानेही क्षयाचा धोका दोन ते तीन पटींनी वाढतो, आणि मरोद्यासारख्या औद्योगिक वसाहतीत मधुमेही माणूस सहसा वाळलेला नसतो. त्याच्या बाबतीत 'क्षय' हे नाव फसवे ठरेल. मरोदा स्थानकावरून जाणारा लोहमार्ग दल्ली-राजहऱ्याच्या लोहखाणींकडे जातो. तेथल्या खाणकामगारांच्या संघटनेने १९८३ मध्ये स्वतःच्या वर्गणीतून शहीद रुग्णालय उभे केले. खाणीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना दुबळे करून क्षयाला वाट करून देते, हेही वैद्यकाला मान्य आहे. म्हणजे धूळ, साखर आणि भूक अशा तिन्ही वाटा या एकाच लोहमार्गाच्या आसपास सापडतात. त्यांतली सर्वांत रुंद वाट भुकेची, हे देशपातळीवरच्या अंदाजांतूनही दिसते.

धोरणाची हालचाल सावकाश झाली. केंद्र शासनाची निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. 'निक्षय' या नावात जुना शब्द परत आला, ही आमच्या दृष्टीने नोंदण्याजोगी बाब. योजना निघाली ती मात्र एकट्या रुग्णासाठी. २०२२ मध्ये सुरू झालेल्या निक्षय मित्र उपक्रमात दात्यांकडून रुग्णांना अन्नाच्या टोपल्या देण्यात येऊ लागल्या, आणि २०२४ मध्ये त्यांत घरच्या सहवासितांचाही समावेश झाला. झारखंडच्या चाचणीचा हा परिणाम मानण्यास हरकत नाही. पण दात्याच्या इच्छेवर चालणारी टोपली आणि हक्काची शिधा यांत फरक आहे, आणि तो वाळत चाललेल्या माणसाला महिनाअखेरीस कळतो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश रुग्ण ज्या देशात आहेत, तेथे हा फरक लहान नव्हे.

रोख रक्कम द्यावी की धान्य, यावर मतभेद आहेत. पैशाने माणूस आपल्याला हवे ते विकत घेऊ शकतो. बँकेतला विलंब आणि घरातले कर्ज यांतून तो अन्नापर्यंत पोहोचेलच असे नाही. धान्य थेट चुलीपर्यंत जाते, पण चूल सगळ्या घराची असते. रुग्णाचा शिधा घरात वाटला जातो, अशी तक्रार कार्यकर्ते नेहमी करतात. सहवासितांना स्वतंत्र शिधा देण्यामागे हाही एक व्यवहारी विचार होता, कारण तो दिल्याखेरीज रुग्णाचे अन्न रुग्णाच्या पोटात जात नाही.

मरोद्याच्या त्या बाईंनी याविषयी विचारल्यावर एवढेच सांगितले: डॉक्टरने सांगितले म्हणून सासू रोज पावशेर दूध दिरासाठी वेगळे काढून ठेवी. तो ते आपल्या दोन मुलांना पाजी आणि रिकामा पेला उष्टा करून ठेवी, म्हणजे आईला कळू नये.